जानकीच्या कानातली थाळी

२८ ऑक्टो., मंगळ.

आज पुन्हा एक पळाला. हर्नियाचा, मोखाड्याकडचा. सलाइन लावायला गेले तर खाट रिकामी आणि चादरीची घडी उशाशी. घडी करून पळणारे पेशंट मी फक्त इथंच पाहिले.

डॉ. मॅडम मंगळवारी-शुक्रवारी नाशिकहून घाट तुडवत येतात, भूल देणाऱ्या डॉक्टरांना घेऊन. ऑपरेशन नीट झालं की तो 'आपला पेशंट' असतो. पळाला की "सिस्टर, तुमचा पेशंट कुठाय?"

चिडून काय करणार. भीती खरी आहे त्यांची. ओ.टी.त नेताना दाराची चौकट धरून थांबतात. हिरवे कपडे, तोंडं बांधलेली माणसं, कोणी अवाक्षर बोलत नाही. मी असते तर मीही पळाले असते. चादर मात्र घडी केली नसती.

३१ ऑक्टो., शुक्र.

हायड्रोसीलचा म्हातारा. टेबलावर घेतला तर बी.पी. आभाळाला. भूल डॉ. म्हणाले, कॅन्सल करू. तर म्हातारा म्हणतो, "माझा मोबाइल दे, बाय." सदऱ्यातून काढून आणून दिला. त्यानं लावलं लग्नातलं नाचाचं गाणं, ठणाणा. पायाचे अंगठे ताल धरून हलायला लागले. मणक्यात इंजेक्शन दिलं, कमरेखाली बधिर झालं, पाय थांबले. मग हाताची बोटं नाचायला लागली. बी.पी. उतरलं. मॅडम टाके घालता घालता म्हणाल्या, अजून एकदा लाव तेच.

हे इतकं सोपं असेल? मणक्यातल्या भुलीत माणूस जागाच असतो, सगळं ऐकतो. आम्ही त्याला ऐकवतो काय, तर कात्र्यांचे आवाज आणि टोलचे भाव.

हेडफोन घ्यायचा. पुढच्या पगाराची वाट नको बघायला.

४ नोव्हें., मंगळ.

हेडफोन आणला. बासरी लावून बघितली. पेशंट सोडून भूल डॉ.ना पेंग आली. पिशवीच्या ऑपरेशनची एक बाई होती, तिची नाडी बासरीनं वाढली. कारण विचारलं तर म्हणे, "गुरा आठवली. घरा गुरा कोण बघतां?" बासरी बाद.

भजनांना हो म्हणतात, पण मान राखायला. ज्याचं त्याचं गाणं पाहिजे हे कळलं. या लोकांचं आपलं, गावचं. लग्नाचं नको, सारखं नाचावंसं वाटेल असंही नको. शांत काहीतरी.

मी सिन्नरची. इतकी वर्षं इथं काढली, पण त्यांचं शांत कशाला म्हणायचं ते मला माहीत नाही.

५ नोव्हें., बुध.

जानकी आली. वांगणीची. विशी-बाविशीची, दुसरी खेप, आठवा संपत आलेला. मंदा घेऊन आली. मंदा तिथली आशा कार्यकर्ती, चुणचुणीत आहे. सोबत नवरा, सोमा.

वार खाली आहे, गर्भपिशवीच्या तोंडावरच बसलेली. एकदा अंगावरून गेलंय, थोडंसं. पुन्हा जाईल, आणि तेव्हा थोडं नसेल. वांगणीच्या रस्त्यावर तेवढ्यात माणूस संपतं. नाशिकला पाठवते म्हटलं तर सोमा उठून उभाच राहिला, पिशवी काखेत मारून. म्हणून इथंच ठेवली. मॅडमशी फोनवर बोलले. शुक्रवारी, १४ला सिझर. रक्ताच्या पिशव्या त्या घेऊन येतील. तोवर खाटेवरून उठवायची नाही.

म्हणजे माझं काम एकच. १४पर्यंत तिला इथं धरून ठेवायची.

ती सारखी दाराकडे बघते.

७ नोव्हें., शुक्र.

मॅडमनी तपासली. बाळ ठीक. दुपारी दुसऱ्या एका बाईला सिझरला नेताना जा.नं पाहिलं. मग जेवली नाही. शेजारच्या खाटेवरच्या रखमीआजीनं (पिशवी काढलीय, मंगळवारी) भात भरवायचा प्रयत्न केला, तोंड फिरवलं.

संध्याकाळी मला विचारते, "कापतील तवा मी जागी?"

जागी, पण दुखणार नाही.

"मंग मी कुठं बघूं?"

इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. वर दिवा असतो, त्याच्या काचेत सगळं दिसतं. खरंच कुठं बघायचं? म्हटलं, डोळे मिटायचे आणि मी कानात छान काहीतरी लावीन. "काय?" म्हणाली. आणते, म्हटलं.

८ नोव्हें., शनि.

सुट्टी. खोडाळ्याचा बाजार केला. सुके बोंबील, नागली, आणि मोबाइलच्या दुकानात गाणी. दुकानदाराला म्हटलं, इकडचं, गावचं, जुनं, पण शांत द्या. त्यानं बरंच ऐकवलं, सगळं धांगडधिंग्याचं. मग म्हणाला, हे बघा, हे म्हातारे लोक भरून नेतात. कांशाच्या थाळीवर मेणानं उभी केलेली काडी बोटांनी ओढतात, त्याचा एकच लांब सूर, घोंगावणारा. त्यावर एक म्हातारा गातो. गातो कसला, सांगतो. मला निम्मं कळलं. ओढा, टेकडी, उंबर, नदी अशी एकामागून एक नावं. कुठं घाई नाही.

घरी ऐकता ऐकता मला झोप लागली. हेच पाहिजे होतं. मंदाला विचारावं असं मनात आलं होतं, पण ती भाताच्या झोडणीला गेलीय, फोन लागत नाही.

९ नोव्हें., रवि.

दुपारी जा.ला लावलं. आतापासून सवय झाली तर शुक्रवारी टेबलावर तेच लावता येईल, असा हिशेब. हेडफोन मुद्दाम, म्हणजे वॉर्डाला त्रास नको.

पहिल्या सुराला दचकली. मग डोळे उघडे, छताकडे. अंग सोडून दिलं. नाडी धरून बसले होते मी. अक्षरशः माझ्या बोटांखाली उतरली. डोळ्यांच्या कडेनं पाणी गेलं, पण रडणं नाही. इतकी शांत तिला मी आल्यापासून पाहिली नव्हती. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू.

मध्येच विंचू चावलेला एक माणूस आला म्हणून बंद करून धावले. परत आले तर तिनं हेडफोन दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला, देवाचं काही द्यावं तसा. विचारलं, "ह्या मॅडमनी लावाया सांगला?"

हो म्हटलं. मॅडमचं नाव घेतलं की मुकाट ऐकतात, म्हणून.

"बरां," म्हणाली.

१० नोव्हें., सोम.

जानकी गेली. सकाळच्या पहिल्या जीपनं. सोमा, ती, पिशवी. चादरीची घडी.

रखमीआजीला विचारलं, काही बोलली का. आजी म्हणाली, रात्री नवऱ्याशी कुजबुजत होती, "घरा मरायचा हाय" एवढंच ऐकू आलं. मला कळेना. काल तर इतकी शांत होती. आजीला म्हटलं, मी तिला हे ऐकवलं, बघा किती छान आहे. हेडफोन तिच्या कानावर ठेवला.

आजीनं तो उपसून फेकला. टाक्यांवर हात दाबून उठून बसली.

"जित्या बाईच्या कानात घातलास तू ह्या?"

मग सांगितलं. माणूस मेल्यावर त्याचा दिवस घालतात, तेव्हा लावायची ती थाळी. मेलेल्याला घरातून निघायची वाट सांगतात. अंगणातून निघ, ओढा लागेल, टेकडी लागेल, उंबर लागेल, पुढं नदी, नदीपलीकडं आपले थोर बसलेत. वाट चुकू नये म्हणून एकेक खूण सांगत न्यायचं. ते गाणं जिवंत माणसासाठी नाहीच.

म्हणजे मी तिला तिचाच दिवस ऐकवला. वर सांगितलं, मॅडमनी लावायला सांगितलंय. तिनं काय समजावं? डॉक्टरांना कळलंय आपण मरणार, म्हणून त्यांनी आधीच लावलं. नाडी उतरली ती त्यामुळे. तिनं मान्य केलं होतं.

हॉस्पिटलची जीप घेऊन वांगणीला गेले. वाटेत मंदाला घेतली. तिला सांगितलं तर ती खिडकीतून बाहेर बघत राहिली.

अंगणात भाताच्या पेंढ्या. जा. आत, मागच्या दारापाशी भिंतीला टेकून. पोरगं मांडीवर. तिची सासू मध्ये उभी राहिली. मी सांगितलं, चूक माझी, मला माहीत नव्हतं, मॅडमना तर पत्ताही नाही. सोमा म्हणाला, "तू खोटा बोललीस का तवा?" हो, म्हटलं. तवा खोटं बोलले, आता खरं बोलतेय. हे वाक्य तोंडातून बाहेर पडतानाच त्यात दम नाही हे मला कळत होतं.

जा. आतून म्हणाली, "मी आयकला. उंबरापावत गेलां. मंग तू बंद केलास. मी आता वाटंत हाय."

भांडत असती तर बरं झालं असतं. ती अगदी सरळ सांगत होती, कुठल्या फाट्यावर उतरले ते सांगावं तसं.

११ नोव्हें., मंगळ.

मॅडमना सगळं सांगितलं. ओरडल्या नाहीत, ते जास्त लागलं. खुर्चीत बसून चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "परत आणा तिला. कसंही आणा. अंगावरून जायला लागलं तर आपल्याकडे वेळ नसतो, तुम्हाला माहीतच आहे."

माहीत आहे ना. आज दोन ऑपरेशनं झाली, मी कात्र्या मोजल्या, सगळं बिनचूक केलं, आणि सबंध वेळ डोक्यात एकच की आता या क्षणाला तिला सुरू झालं असेल. फोनची रेंज त्या घरापाशी येत नाही, वरच्या खळ्यावर यावं लागतं. मंदाला सांगितलंय, सकाळ-संध्याकाळ जाऊन बघ आणि खळ्यावरून फोन कर.

फाइलवरनं हात फिरवत मॅडमनी आणखी एक विचारलं, "कल्पना चांगली होती. कोणाला विचारलं का नाहीत?" शांत वाटलं मला. मला वाटलं तेवढं पुरेसं वाटलं.

मं.चा फोन, संध्या.: ठीक आहे. पेज प्यायली.

१२ नोव्हें., बुध.

पुन्हा वांगणी. मंदानं लहानूबाबाला बोलावून ठेवला होता. थाळी लावणारा तोच, आसपासच्या पाड्यांत दुसरा नाही. सत्तरीचा असेल, एका डोळ्यात फूल पडलेलं. मी मोबाइलवर त्याला दोन सूर ऐकवले, पुढं जाऊ दिलं नाही. तो बघतच राहिला.

"ह्या मी हाय."

त्याचंच. कोणाच्या तरी दिवसाला कोणीतरी मोबाइल धरला होता, तिथून बाजारात. तो रागावला नाही, अंग चोरून बसला. स्वतःच्या आवाजानं ही पोरगी वाटेला लागली हे त्याला सोसेना. बराच वेळ विडी हातात, न पेटवता.

मी विचारलं, परत आणायचं गाणं असेल ना? म्हणाला, नाही. जायचंच असतं. मेलेल्याला कोण परत बोलवतो?

मग काय करायचं, बाबा?

जानकी दारात येऊन उभी होती. पहिल्यांदाच बाहेर आली. तिलाही ऐकायचं होतं, काय करायचं.

बाबा बोटांनी जमिनीवर काहीतरी मोजत बसला. मग म्हणाला, "उलटा गाऊन बघतां. उंबर, टेकडी, वढा, आंगन. मी कधी गायलां नाय. माज्या बापानं बी नाय. पन वाट तर तीच हाय ना. जशी जाते तशी येल."

त्याला एक दिवस पाहिजे. शब्द मागून पुढं बसवायचे, थाळीला नवं मेण लावायचं, आणि नव्या तांदळाची रास समोर पाहिजे. उद्या संध्याकाळी त्यांच्या घरात. झालं की परवा सकाळी जा. आमच्याबरोबर येईल, सिझरला. तिनं स्वतः मान हलवली.

मी हो म्हटलं. आजच उचलून न्यायला हवी होती हे कळतंय. पण उचलून नेलेली टेबलावर कशी झोपेल? भूल द्यायची तर अंगाची कमान करून गप्प बसावं लागतं. धरून-बांधून नाही होत ते.

एक दिवस. देवा, एक दिवस निभव.

१३ नोव्हें., गुरु.

नाही निभला.

दुपारी मंदाचा फोन, खळ्यावरून, धापा टाकत. सुरू झालंय. जीप काढली. मॅडमना फोन केला, त्या तिकडून लगेच निघाल्या, रक्त आणि भूल डॉ.ना घेऊन.

जा. पडवीत आडवी, खाली गोधडी भिजलेली. सलाइन लावलं. उचलली. लहानूबाबा थाळी फडक्यात बांधून स्वतःहून जीपमध्ये चढला, तिच्या पायाशी बसला. मी म्हटलं, बाबा, गा आता, वाटेत गा. जे बसवलंय ते गा.

त्यानं थाळीचं फडकं सोडलं नाही. जा. त्याच्याकडे बघत होती. जीप ओढ्यात उतरली, चढली. मी पुन्हा म्हटलं, ओरडलेच म्हणा ना. गा हो, ती ऐकतेय.

तेव्हा बोलला. "गाडी कुठं चालली बघ. आंगन मागं, वढा झाला, आता टेकडी. ही जायची वाट हाय, बाय. आता तोंड उघडला तर मीच हिला घेऊन जान."

त्याचं खरं होतं. हॉस्पिटलला जायचं म्हणजे घरापासून दूर जायचं, त्याच ओढ्यावरून, त्याच टेकडीवरून. गाणं घराकडे तोंड करून म्हणायचं आणि जीव वाचवायची जागा बरोबर उलट दिशेला. टेकडीवरच्या उंबराखालून गेलो तेव्हा जा.नं डोळे घट्ट मिटले. बाबानं हात तिच्या पावलावर ठेवला.

"येताना गान," तो तिला म्हणाला. "तू नीट हो. येताना हितून धरतां तुला."

त्यावर ती "हां" म्हणाली. मी ऐकलं.

मॅडम आमच्या पाठोपाठ पोचल्या. टेबलावर घेतली. बसवून कमान करायला सांगितली, तिनं केली, हलली नाही. झोपवल्यावर म्हणाली, "कानात काय नको घालू."

नाही घालत.

"तू बोल. कायबी बोल."

मी तिच्या डोक्याशी उभी राहून बोलत राहिले. काय बोलले? खोडाळ्याला बोंबील महाग झालेत. माझ्या खोलीत पाल आहे आणि मला तिची भीती वाटते. सिन्नरला आमच्या घरामागं बोराचं झाड होतं, काटे पायात मोडायचे. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. कुठं बघू म्हणून विचारलं होतं ना, तर तिथं. पालीची भीती ऐकून म्हणाली, "पालीला काय भ्यायचा?" आणि थोडं हसली.

मुलगी. बारीक आहे, पण रडली.

त्यानंतर रक्त थांबेना. मॅडमनी गर्भपिशवी काढली. आणलेल्या सगळ्या पिशव्या चढल्या. जा. माझ्याकडे बघायची थांबली. मी बोलत होते तरी. भूल डॉ.नी नळी घातली. रक्त आटोक्यात आलं पण श्वास तिचा तिला घेता येईना. मॅडम तिला घेऊन नाशिकला निघाल्या, सोमा बरोबर. बाळ इथं, काचेच्या पेटीत.

१४ नोव्हें., शुक्र.

आज सिझरचा दिवस होता.

मशीनवर आहे. मॅडम फोनवर: काही सांगता येत नाही. सासू आली, बाळाला वाटी-चमच्यानं दूध घालते. मी पाजायला गेले तर माझ्या हातातून चमचा काढून घेतला. बरोबरच आहे.

लहानूबाबा गेला नाही. फाटकाच्या आत, नातेवाईकांच्या शेडमध्ये बसलाय, थाळी मांडीवर. नाशिकची गाडी वांगणीला जायची तर आमच्या फाटकावरूनच. उंबराऐवजी इथूनच धरणार म्हणतो. भात कापून शेतात पडलाय त्याचा.

१६ नोव्हें., रवि.

मशीनवरच. मला जेवण जात नाही. बाबाला डबा देते, तो निम्मा मला खायला लावतो. माझ्यावर रागावला आहेस का, विचारलं. म्हणाला, "मी गायलां, तू लावलास. दोगांचा हाय."

तेवढ्यानंही रडू आलं. एकटीचं असतं तर बहुतेक वेडी झाले असते.

१८ नोव्हें., मंगळ.

मशीन काढली! डोळे उघडले, सोमाला ओळखलं. पण ताप आहे, उतरत नाही. मॅडम फार आशा दाखवत नाहीत, मी त्यांच्या आवाजावरून ओळखते.

आज कुटुंबनियोजनाच्या एका बाईनं विचारलं, ते कानात लावायचं कुठाय, बहिणीनं सांगितलंय. तुला काय ऐकायचं, तूच सांग, म्हटलं. तिला टीव्हीवरच्या मालिकेचं पाहिजे होतं. ते नव्हतं माझ्याकडे. मग मीच बोलत बसले. टेबलाशी उभं राहून बोलायला मला येतं हे मला माहीत नव्हतं.

बाळ दूध ओढायला लागलं. सासूनं आज चमचा मला दिला.

२० नोव्हें., गुरु.

ताप तसाच. सोमा फोनवर: "ती घरा चल, घरा चल करते." सोडू नकोस, डॉक्टर म्हणतील तोवर सोडू नकोस, सांगितलं. तो नुसता हूं हूं करत होता. तो हूं मला ओळखीचा आहे. चादरीची घडी करायच्या आधीचा.

मॅडम परगावी, लग्नाला. त्यांचा फोन बंद लागतो.

२१ नोव्हें., शुक्र.

दुपारी सोमाचा फोन. "सिस्टर, गाडी केली, निगालों..." आणि रेंज गेली. घाटात असणार. पुन्हा लावला, पुन्हा लावला. लागत नाही.

आवाज कसा होता? रडका होता का? नुसता दमलेला होता का? मला आठवत नाही. मी ऐकलं आणि माझ्याच कानात दडे बसले.

नाशिकच्या हॉस्पिटलला फोन केला. पेशंटला त्यांच्या माणसांनी नेलं. कसं नेलं, काय अवस्था होती? फोनवर सांगत नाही म्हणाले. मी नर्स आहे हो, म्हटलं. ठेवला फोन.

सासूला काय सांगायचं? गाडी येतेय एवढंच सांगितलं. तिनं बाळाला आंघोळ घातली आणि फडक्यात गुंडाळून फाटकाकडे तोंड करून बसली.

लहानूबाबाकडे गेले. सांगितलं, निघालेत. जिवंत आहे की नाही मला माहीत नाही.

त्यानं फडकं सोडलं, थाळी पुसली. काडी उभी राहते त्या जागेवरचं मेण कडक झालं होतं, नखानं खरवडलं. म्हणाला, "इस्तू दे थोडा. मेन मऊ करायचा."

बाबा, कुठलं गाणार?

"गाडी आली का कळंल." पुन्हा नख लावून मेण बघितलं. "मेन तर दोनीला लागतां."

माझ्या खोलीतला स्टोव्ह नेऊन दिला. माझ्याच्यानं पेटेना. त्यानं पेटवला.